रझा : फ्रान्समधली निसर्गचित्रं खरी, की बिंदू?

रेघोटी
रझांचं नाव काढलं की लोक 'बिंदू', म्हणजे त्यांच्या चित्रांतलं ते काळं वर्तुळ, म्हणतात आणि विषय संपवतात. माझं म्हणणं असं की सय्यद हैदर रझा हे मुळात निसर्गचित्रकार, आणि त्यांचं अस्सल काम १९५० ते साधारण १९७५ या फ्रान्समधल्या वर्षांतलं. बिंदू ही पुढे अंगवळणी पडलेली गोष्ट.

१९५१ चं 'ओ द कान्य' बघा. दक्षिण फ्रान्समधलं टेकडीवरचं गाव. घरं एकमेकांना खेटून, खोकी रचून ठेवावीत तशी. रस्त्यावर माणूस नाही, कुत्रं नाही. तिथे जन्मलेल्या कोणी हे गाव इतकं ओसाड काढलं नसतं. नुकत्याच आलेल्या परक्याची नजर आहे ती, आणि म्हणूनच ते चित्र डोक्यातून जात नाही. १९४८ मध्ये काश्मीरमध्ये भेटलेल्या आंरी कार्तिए-ब्रेसाँ या छायाचित्रकाराने त्यांना सुनावलं होतं की चित्रांत बांधणी नाही, फ्रेंच चित्रकार सेझान अभ्यासा. तो अभ्यास या भिंतींत दिसतो.

१९५६ मध्ये फ्रेंच समीक्षकांचा 'प्री द ला क्रितिक' पुरस्कार मिळाला. फ्रेंच नसलेल्या चित्रकाराला तो पहिल्यांदाच मिळत होता. तोवर मुंबईतले जलरंग मागे पडून सुरीने थापलेला जाड तैलरंग आला होता. घर कुठे संपतं आणि झाड कुठे सुरू होतं हे कळत नाही, तरी गाव कळतं. बिंदूत ही जोखीम कुठे आहे? वर्तुळ, त्रिकोण, संस्कृत नावं. परदेशातल्या भिंतीवर 'भारत' म्हणून टांगायला सोयीचं.

जंगलवाट
साफ असहमत. बिंदू आकाशातून पडला नाही, जंगलातून आला. रझांचा जन्म १९२२ चा, मंडला जिल्ह्यातल्या बाबरियाचा. वडील वनखात्यात. दाट रानातली रात्र ज्यांनी लहानपणी पाहिलीय त्यांना १९७२ च्या 'तपोवन'मधला काळोख समजावून सांगावा लागत नाही. काळ्या-करड्या गर्दीतून मधेच लाल-पिवळी धग वर येते. हे निसर्गचित्रच आहे, फक्त क्षितिज काढून टाकलंय. पुढे तोच काळा रंग गोळा होत होत वर्तुळ झाला. रेघोटीताई, तुम्ही जिथे रेघ मारताय तिथे चित्रकाराने मारलेलीच नाही.

आणि १९८३ च्या 'सौराष्ट्र'चं काय? दोन मीटर बाय दोन मीटरचा कॅनव्हास, चौकोनी तुकड्यांत विभागलेला, तांबडा-केशरी तापलेला. नावच एका भूभागाचं आहे.

खवचट_काका
'सौराष्ट्र' निघालंच आहे तर पुढचंही सांगा की! २०१० मध्ये लंडनच्या लिलावात सोळा कोटी रुपयांवर गेलं. आणि १९८९ चं 'जेस्टेशन' २०२३ मध्ये मुंबईत ५१.७५ कोटींना. एवढा पैसा आला की तत्त्वज्ञान आपोआप उगवतं. शाळेतल्या मास्तरांनी चंचल पोराचं मन एकाग्र व्हावं म्हणून भिंतीवर टिंब काढून दिलं, ही गोष्ट प्रत्येक लेखात असते. ती खरी असेलही. पण पॅरिसला गेल्यावर पंचवीसेक वर्षं ते टिंब कुठे होतं?

जंगलवाट
काका, लिलाव २०१० चा आणि चित्र १९८३ चं. चित्र काढताना पुढच्या सत्तावीस वर्षांचा भाव कोणाला दिसतो? बाकी तुमचा बाजारावरचा राग समजू शकतो.

चुनागेरू
सगळे अध्यात्म आणि पैशावरच भांडताय, रंगाबद्दल कोणी बोलत नाही. १९६२ मध्ये रझा अमेरिकेत बर्कलीला शिकवायला गेले, तिथे अमेरिकन अमूर्त चित्रकार रॉथकोची चित्रं पाहिली. पुढे तैलरंग सोडून अॅक्रिलिककडे वळले. जाड थापलेला तैलरंग आतपर्यंत वाळायला महिने घेतो, ओल्यावर ओलं फिरवता येतं, कडा एकमेकींत मिसळतात. रेघोटी म्हणतायत ते 'घर कुठे संपतं कळत नाही' प्रकरण त्यातूनच येतं. अॅक्रिलिक झटपट वाळतं. शेजारी दुसरा पट्टा लावला तरी कड धारदार राहते. बिंदूभोवतीची ती आखीव वर्तुळं तैलरंगातही जमली असती, पण त्याला वेगळाच संयम लागला असता. थोडं श्रेय डब्यातल्या रंगालाही द्या, सगळं उपनिषदांना नको.

खवचट_काका
चुनागेरू, +१. धाग्यात पहिल्यांदा कोणीतरी कामाचं बोललं.

रेघोटी
चुनागेरूंचा मुद्दा माझ्याच बाजूने जातो. ओल्या रंगात कडा मिसळत राहतात, डोळा सतत जागा ठेवावा लागतो. शेवटच्या वीसेक वर्षांतले बिंदू शेजारी शेजारी लावून बघा. रंग बदलतात, शोध बदलत नाही.

पोस्टाचा_शिक्का
बिंदू काढला म्हणजे 'ते परत आपल्याकडे, भारताकडे वळले' हे तुम्ही सगळे गृहीत धरून चाललायत. कुठे परत? आई १९४७ मध्ये वारली, वडील १९४८ मध्ये, भावंडं फाळणीनंतर पाकिस्तानात गेली. १९५० मध्ये फ्रेंच शिष्यवृत्तीवर बोटीत बसले तेव्हा इथे घर असं उरलंच नव्हतं. १९५९ मध्ये चित्रकार जानीन मोंजिलाशी लग्न, संसार पॅरिसला, उन्हाळे दक्षिण फ्रान्समधल्या गोर्बिओ गावात. साठ वर्षं तिथे राहूनही भारतीय नागरिकत्व सोडलं नाही. अशा माणसाने १९८१ मध्ये 'माँ' नावाच्या चित्रात हिंदी कवितेची ओळ देवनागरीत लिहिली, तर त्यात फ्रेंच गिऱ्हाईक शोधणं अन्यायाचं आहे. पॅरिसमध्ये ती ओळ वाचणार होतं कोण?

रेघोटी
'माँ'बद्दल मान्य, ते चित्र मला हलवतं. पण भावना खरी म्हणून पुढची सगळी चित्रं चांगली ठरत नाहीत. मी माणसाला खोटं म्हणत नाहीये, कामात सरस-निरस करतेय.

खवचट_काका
एक विचारतो. रझा ज्यात होते त्या मुंबईच्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या मूळ सहा जणांत हरी अंबादास गाडेही होते, आपल्या अमरावतीकडचे. रझांसारखेच नागपूरच्या कलाशाळेतून आलेले, निसर्गचित्रांतच रमलेले. ते इथेच राहिले. त्यांचं एक तरी चित्र इथल्या कोणाला नावानिशी आठवतं का? नसेल, तर रझांचं मोठेपण चित्रांत किती आणि बोटीच्या तिकिटात किती?

पोस्टाचा_शिक्का
त्याच सहांतले शिल्पकार बाकरेही १९५१ मध्ये लंडनला गेले होते, काका. पुढे कोकणात मुरुडला येऊन राहिले. तिकीट त्यांच्याकडेही होतं, त्यांना किती जण ओळखतात? आणि अमूर्त चित्रकार गायतोंडे आयुष्याचा बहुतेक काळ भारतातच होते, त्यांचं काय अडलं?

चुनागेरू
गाडेंवर वेगळा धागा काढा कोणीतरी. त्यांच्या घरांच्या चित्रांतले रंग आणि रझांची १९५० च्या दशकातली गावं शेजारी ठेवून बघण्यासारखी आहेत. निदान रेघोटीताईंनी तरी काढावा, निसर्गचित्रांची बाजू त्याच लढवतायत.