मदत हवी आहे: ट्रॅकच्या गाडीची थरथर सिम्युलेशनमध्ये येतच नाही

नमस्कार मंडळी. द्राक्षबागेत क्रेट वाहायला बॅटरीवरची ट्रॅकची गाडी बनवतोय. वजन ३५० किलो, रबरी ट्रॅक १८०×७२×३७ (रुंदी १८० मिमी, पिच म्हणजे दोन कड्यांमधलं अंतर ७२ मिमी, कड्या ३७; मिनी एक्स्कॅव्हेटरला लागतो तोच), ९ दात्यांचं स्प्रॉकेट (ट्रॅक ओढणारं दातेरी चाक), दोन्ही बाजूंना एकेक पीएमएसएम (कायम चुंबकाची) मोटर, १:२० गिअरबॉक्स.

ताशी ४ किमीला गाडी अशी थरथरते की वर ठेवलेल्या तांब्यातलं पाणी सांडतं, रोलरचे नट दोन दिवसांत सैल होतात. ताशी साडेपाच किमीला मात्र तांब्या शांत! आमच्या वेल्डरला हे काही केल्या पटत नाही.

वेग भागिले पिच केलं: १.११ ÷ ०.०७२ = १५.४ हर्ट्झ. बेअरिंगपाशी लावलेल्या सेन्सरवर कंपनाचं शिखर नेमकं तिथेच येतं, म्हणजे उपद्व्याप दात्यांचाच. प्रोजेक्ट क्रोनो या सिम्युलेशन सॉफ्टवेअरमध्येही १५ वर शिखर दिसतं, पण प्रत्यक्षाच्या जेमतेम पाव. शिवाय ४०० हर्ट्झच्या आसपास एक भलंमोठं शिखर आहे, ते टाइमस्टेप (गणिताच्या दोन पायऱ्यांमधला वेळ) निम्मी केली की जागा बदलतं. ते खोटं, एवढं मला कळतं. कॉन्टॅक्ट स्टिफनेस (दाते आणि ट्रॅक टेकतात तिथला कडकपणा) चारदा बदलला, १५ चं शिखर ढिम्म.

मॉडेलमध्ये स्प्रॉकेटला थेट ठराविक वेग दिलाय, मोटर-कंट्रोलर काही नाही. घोळ इथेच असेल का?

प्रतिसाद: इथेच आहे. ठराविक वेग दिलात म्हणजे स्प्रॉकेटमागे अनंत जडत्व बसवलंत. स्प्रॉकेट हा बहुभुज. ९ दात्यांना दर दात्यामागे ट्रॅकचा वेग सुमारे ६ टक्के खालीवर होतो (१ − कॉस २०°). तो धक्का मोटरपर्यंत पोचतो, कंट्रोलरमधला पीआय लूप (वेगातली चूक मोजून करंट कमी-जास्त करणारा) तो सावरायला करंट ढकलतो. लूपची बँडविड्थ (किती जलद बदलांना तो साथ देतो ती मर्यादा) १५-२० हर्ट्झच्या घरात असेल तर करंट उशिरा पोचतो आणि आगीत तेल. स्प्रॉकेटला टॉर्क द्या, रोटरचं जडत्व ४०० पट (गिअरच्या २० चा वर्ग) धरा, लूप जसाच्या तसा घाला. पण आधी फुकटची चाचणी करा: मोटरच्या फेज वायरी सोडून गाडी ट्रॅक्टरने ताशी ४ ने ओढा.

धागाकर्ता: ओढली, सर. थरथर आहे, पण तांब्या सांडला नाही! मग वायरी जोडून लूपचा गेन (प्रतिसादाचा जोर) निम्मा केला, तर गाडी वळायला आळशी झाली. म्हणजे मॉडेल नीट करण्यावाचून गत्यंतर नाही. आता रबराचं डॅम्पिंग (कंपन जिरवण्याचं प्रमाण) कुठून आणू? ट्रॅकचा तुकडा टांगून हातोडी मारली तर चालेल, की ताण देऊनच मोजावं लागेल?