मुंबईत डिसेंबर ते रमजान: खाण्याच्या जत्रांची पूर्वतयारी

थंडी लागली की मुंबईत एकामागून एक खाण्याचे मेळे सुरू होतात. नाताळ, संक्रांतीचा उंधियो (गुजराती मिश्र भाजी), मालवणी महोत्सव, वेसाव्याचा म्हणजे वर्सोव्याचा कोळी महोत्सव आणि २०२७ मध्ये फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यातच सुरू होणारा रमजान. या धाग्यावर प्रत्येकाने यातलं जे नीट ठाऊक आहे तेवढंच लिहावं. "खूप छान असतं, जरूर जा" एवढंच लिहिणार असाल तर राहू द्या. काय मागायचं, किती मागायचं, कुठे फसतं, ते सांगा.

घाटकोपरकर
उंधियोपासून सुरुवात करतो, कारण त्याची ऑर्डर सगळ्यात आधी द्यावी लागते. संक्रांतीला, म्हणजे १४-१५ जानेवारीला, सकाळी घाटकोपर, मुलुंड, बोरिवली, भुलेश्वर इथल्या फरसाणवाल्यांकडे रांगा लागतात. सी. पी. टँकच्या हिरालाल काशीदासकडे तर विचारूच नका. चारपाच दिवस आधी पैसे भरून चिठ्ठी घ्या.

प्रमाण: पुरी-जिलबी सोबत असेल तर माणशी २०० ते २५० ग्रॅम. एक किलो चार-पाच जणांना पुरतो.

सुरती हिरवा उंधियो मागा. त्यात पापडी, कोनफळ, रताळं, छोटी वांगी, तुरीचे दाणे, मेथीचे मुठिये, आणि वाटणात ओली लसूण, कोथिंबीर, ओलं खोबरं. या खोबऱ्यामुळेच तो लवकर आंबतो. गरम उंधियो डब्यात घट्ट झाकून ठेवलात तर संध्याकाळपर्यंत वास येतो. घरी आणल्यावर परातीत पसरा, निवू द्या, मग फ्रिजमध्ये. गरम करताना डाव घालून ढवळू नका, कोनफळाचा लगदा होतो. जाड बुडाच्या भांड्यात पाण्याचा हबका मारून झाकण ठेवायचं आणि भांडंच हलवायचं. वर तेलाचा तवंग दिसला तरी आधी काढू नका. मसाला त्यातच असतो. वाढताना हवं तर काढा.

जिऱ्याफोडणी
पापडी कोवळी आहे का तेही बघायचं. जून पापडीच्या शिरा दातात अडकतात. उशिरा केलेल्या घाण्यांत असा माल हमखास असतो, म्हणून सकाळी दहाच्या आतला घ्या.

वसईची
नाताळाचं थोडक्यात. वसई, वांद्रे, मालाडचं ऑर्लेम इथल्या घरगुती ऑर्डरी डिसेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यातच बंद होतात. सोरपोतेल (डुकराच्या मांसाचं आंबट-तिखट कालवण) केल्या दिवशी खाऊ नका. व्हिनेगर मुरायला दोन-तीन दिवस लागतात, म्हणून २५ला जेवायचं तर २२-२३ला ताब्यात घ्या आणि रोज एकदा उकळी आणा. फुगे (तळलेले गोल पाव) मात्र त्याच दिवशीचे हवेत, दुसऱ्या दिवशी चामट होतात. दोन्ही एकाच दिवशी घेण्यात अर्थ नाही.

भांडुपवाला
मालवणी महोत्सव डिसेंबरपासून उन्हाळ्यापर्यंत उपनगरांत कुठे ना कुठे चालूच असतात. जेवण आणि खरेदी या दोन गोष्टी वेगळ्या धरा. जेवायला सात-साडेसातला पोचा. नंतर गर्दी वाढली की कोंबडी-वड्यांतले वडे आधीच तळून ढिगात ठेवतात. वडा कढईतून येताना टम्म फुगलेला आणि आतून पोकळ हवा. चपटा, तेल प्यालेला वडा आला तर पीठ सैल झालंय किंवा तेल तापलेलं नाही. सरळ परत करा, कोणी रागावत नाही.

खरेदीत आगळ आणि कोकम सरबत यांत गल्लत होते. आगळ म्हणजे मीठ घातलेला रस, सरबतात साखर असते. सोलकढीला आगळच. एका नारळाच्या दुधाला दोन-तीन मोठे चमचे, वर लसूण-मिरचीचं वाटण. कढी गॅसवर चढवायची नाही, फुटते. बाटलीवरच्या घटकांत रंग लिहिलेला दिसला की खाली ठेवा. खाजं (गुळात घोळलेली बेसनाची कांडी) घेताना एक तोडून पाहा, कट्कन मोडलं पाहिजे. उघड्यावर ठेवलेल्या खाज्याचा गूळ दमट हवेत पाझरतो.

वेसावकर
आमच्याकडचा कोळी सीफूड महोत्सव सहसा शुक्रवार ते रविवार असतो. तारीख जाहीर झाली की शुक्रवार धरा. रविवारी रात्री आठनंतर पापलेट संपलेलं असतं आणि उरतं ते महागडं. वर्सोवा मेट्रोला उतरून रिक्षा करा, गाडी आणू नका. गावातल्या गल्ल्यांत वळायलाही जागा नाही.

बोंबलाबद्दल लिहायलाच हवं. ताज्या बोंबलात पाणी भरपूर असतं. चिरून, मीठ लावून, वजनाखाली दाबून पाणी काढलं तरच तो कुरकुरीत होतो. घाईत हे राहून जातं आणि रव्याचं कवच सुटून येतं. स्टॉलवर दाबलेले, चपटे बोंबील रांगेत मांडलेले दिसले तर तिथेच थांबा. कढईत एका वेळी डझनभर टाकत असतील तर पुढे चला, तेल थंड पडतं.

कोलंबी, चिंबोरी मागताना एका ताटात नग किती ते आधी विचारा. चिंबोरी हातात जड लागली पाहिजे. अवसेच्या आसपासची भरलेली असते असं आमच्याकडे मानतात. गाबोळी (माशाची अंडी), निवट्या (चिखलातले छोटे मासे), जवळ्याची भजी हे हॉटेलात सहसा मिळत नाही, म्हणून पोट त्यासाठी राखा. सुरमई फ्राय वर्षभर मिळते हो!

शाकाहारी_दादर
शाकाहारी माणसाने वेसाव्याला जावं का?

वेसावकर
नाचगाणी पाहायला जरूर या. जेवून या.

रात्रपाळी
रमजान. तारखा चंद्रावर, दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे. फेब्रुवारीत इफ्तार साडेसहाच्या पुढे होतो. खायला म्हणून जाणाऱ्याने इफ्तारच्या गर्दीत शिरू नये. साडेसात ते साडेनऊ ही वेळ मोकळी, कारण तेव्हा बरेच जण तरावीहच्या नमाजात असतात. दहानंतर पाय ठेवायला जागा नसते. दिवस मंगळवार-बुधवार, तोही पहिल्या पंधरा रोज्यांतला. शेवटच्या दहा दिवसांत ईदच्या खरेदीची गर्दी येऊन मिळते.

मस्जिद किंवा सँडहर्स्ट रोड स्टेशनला उतरा. आधी मोहम्मद अली रोडवरची मिनारा मशिदीची गल्ली, मग भेंडीबाजारातून बोहरी मोहल्ला. तिखट आधी, गोड शेवटी, आणि कुठेही पूर्ण प्लेट एकट्याने नाही. चौघांचा गट सर्वांत बरा.

"बडे का की छोटे का" हे प्रत्येक ठिकाणी विचारायचं. बडे म्हणजे म्हैस-रेडा, छोटे म्हणजे बकरा. पाटी नसते. खिरी (कास), गुर्दा, कलेजी सळईवरून उतरल्या उतरल्या खा. थंड खिरी रबरासारखी लागते. बारा हंडीत वेगवेगळ्या पातेल्यांत पाया, नळी, भेजा शिजत असतं. काय हवं ते बोट दाखवून मागता येतं, मिसळूनही देतात. सोबत खमिरी रोटी. निहारीवर (रात्रभर शिजवलेला मटणाचा दाट रस्सा) लिंबू आणि आल्याचे काप मागून घ्या, नाहीतर तूप टाळूला चिकटतं.

मालपुवा इथे बहुधा अंड्याचा असतो, हे न खाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं. एक मालपुवा तीन-चार जणांना पुरतो. रचून ठेवलेला नको, कढईतला मागा, दहा मिनिटं लागली तरी चालेल. फिरनी मातीच्या वाटीतलीच घ्या, माती पाणी शोषते म्हणून ती घट्ट बसते. कोकणी मुसलमानांचं सांदण (वाफवलेला गोड तांदळाचा केक) दिसलं तर सोडू नका. आपल्या कोकणातल्या सांदणाचं सख्खं भावंड, इथे ते मलईबरोबर खातात.

गर्दीत नेटवर्क जातं, यूपीआय अडकतं. शंभर-पन्नासच्या नोटा, पाण्याची बाटली, ओले रुमाल, बंद बूट. शेवटची लोकल मध्यरात्रीनंतर थोड्याच वेळात सुटते. ती चुकली तर टॅक्सीसाठी थेट सीएसएमटीपर्यंत चाला, मोहम्मद अली रोडवर ती मिळत नाही.

जिऱ्याफोडणी
ताज आईस्क्रीमचं राहिलं. बोहरी मोहल्ल्यात, हाताने फिरवलेल्या संच्यातलं (पॉटमधलं), १८८७ पासूनचं. हंगामी फळाचं मागा. घरी न्यायचं असेल तर डबा थर्माकोलच्या पेटीत आणि वर भरपूर बर्फ, कारण ते लवकर पाघळतं. ठाण्याच्या पुढे नेऊ नका.