मदत हवी आहे : पेशीपटलाच्या दुरुस्तीत कायनेसिनचा वाटा किती?

सप्रेम नमस्कार. फोंड्यात बारावीच्या मुलांना शिकवताना एका प्रश्नाशी मी अडले आहे. पेशीपटल फाटले की बाहेरचे कॅल्शियम, जे आतल्यापेक्षा सुमारे १०,००० पट अधिक असते, आत घुसते आणि त्या इशाऱ्यावर पुटिका (पेशीतल्या पटलाच्या इवल्या पिशव्या) पटलाला जुळून भोक बुजवतात. स्रावही बराचसा याच रीतीने होतो. कायनेसिन हे चालक प्रथिन ८ नॅनोमीटरच्या पावलांनी सूक्ष्मनलिकेवरून (पेशीतल्या प्रथिनांच्या रुळावरून) पुटिका ओढते, पेशीच्या कडेच्या अ‍ॅक्टिन तंतूंमधून मायोसिन हे दुसरे चालक प्रथिन. (हे कायनेसिन १९८५ साली माणकी म्हणजे स्क्विडच्या अक्षतंतूत (चेतापेशीच्या लांब धाग्यात) सापडले म्हणताच वर्ग खुलतो, बाजारातली माणकी सर्वांच्या ओळखीची.) परंतु सेकंदाला जेमतेम एक मायक्रोमीटर चालणारे कायनेसिन पहिल्याच जखमेला वेळेवर पोहोचते, की तेव्हा कडेवरच्या पुटिकाच खर्ची पडून ते केवळ पुढचा साठा भरते? जाणकारांनी कृपया समजावून सांगावे.