अमेरिकेत वायोमिंग राज्याला पण २ सिनेटर (संसदेच्या वरच्या सभागृहाचे, म्हणजे सिनेटचे सदस्य) आणि कॅलिफोर्नियाला पण २च, असं का?

चाळकरी_गिरगाव: काल लोकलमध्ये ऑफिसच्या मित्राशी चर्चगेटपासून पार अंधेरीपर्यंत वाद झाला. तो म्हणे अमेरिकेची घटना लॉक, मॉन्टेस्क्यू अशा युरोपातल्या थोर विचारवंतांचे विचार घेऊन ठरवून बांधलीये. मी म्हटलं मग पावणेसहा लाखांच्या वायोमिंगला २ सिनेटर आणि जवळपास ४ कोटींच्या कॅलिफोर्नियाला पण २च, हा कुठला थोर विचार रे बाबा? आमच्या मुंबईच्या उपनगर जिल्ह्यातच २०११ ला ९३ लाख माणसं मोजली होती. जाणकारांनी सांगा.

तिसरा_मजला: थोर विचार होतेच, पण आधी पैशांची बोंब होती. १७८१ पासून जी पहिली व्यवस्था चालू होती त्यात काँग्रेसला (म्हणजे तिथल्या संसदेला) कर लावायचाच अधिकार नाही, राज्यांकडे नुसते मागायचे, दिले तर दिले. आमच्या सोसायटीत मेंटेनन्स ऐच्छिक केला तर टाकी गळतच राहील ना, तसंच. स्वातंत्र्ययुद्धाचं कर्ज डोक्यावर, त्यात १७८६ ला मॅसॅच्युसेट्समध्ये कर्जाने आणि करांनी पिचलेले शेतकरी डॅनियल शेज नावाच्या माणसाच्या नेतृत्वाखाली उठले, कोर्टंच बंद पाडली, आणि केंद्राकडे धड सैन्य नाही. तेव्हा कुठे १७८७ ला ही व्यवस्था सुधारायला सगळे फिलाडेल्फियात जमले, आणि तिथेच आत्ताची घटना लिहिली गेली. सगळे म्हणजे १२ राज्यं, ऱ्होड आयलंड आलंच नाही.

कायदेबाज: +१. आणि सिनेट ही तर निव्वळ घासाघीस. मोठी राज्यं म्हणाली लोकसंख्येवर जागा द्या, छोटी म्हणाली आम्ही सगळे सारखे. डेलावेअरच्या बेडफर्डने तर भर सभेत सुनावलं की असंच करणार असाल तर आम्ही परक्या सत्तेचा हात धरू! शेवटी कनेक्टिकटवाल्यांनी तोडगा काढला, खालचं सभागृह लोकसंख्येवर, वरचं प्रत्येकी २. आणि ते इतकं घट्ट बांधून ठेवलंय की पाचव्या कलमानुसार एखाद्या राज्याची सिनेटमधली बरोबरी त्याच्या स्वतःच्या संमतीशिवाय काढताच येत नाही. वायोमिंग कशाला संमती देईल?

चाळकरी_गिरगाव: अरे देवा. म्हणजे मॉन्टेस्क्यूचा काही संबंधच नाही?

कायदेबाज: आहे ना. कायदा करणारा, राबवणारा आणि न्याय देणारा वेगळा, हे त्याचंच, आणि घटना घडवणाऱ्यांपैकी एक असलेला मॅडिसन त्याचा दाखला देतो. पण नुसतं वेगळं ठेवून भागत नाही, एकाने दुसऱ्याला रोखायला हवं, म्हणून राष्ट्राध्यक्षाचा व्हेटो (नकाराधिकार), महाभियोग, नेमणुकांना सिनेटची मंजुरी असल्या भानगडी. इंग्लंडच्या राजाला नुकतंच हाकललेलं, परत तसाच कोणी डोक्यावर नको ही धास्ती. आपल्याकडे अविश्वास ठरावाने सरकार पडतं तसं तिथे नाही. बाबासाहेब ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत म्हणाले होते की त्या पद्धतीत स्थैर्य जास्त, आपल्यात जबाबदारी जास्त.

दादरची_सुमन: घासाघीस म्हणून कौतुक चाललंय पण गुलामांचं कोणी बोलेना. जागा मोजताना ५ गुलाम म्हणजे ३ माणसं धरायची असं ठरलं, मत मात्र शून्य, म्हणजे त्यांच्या डोक्यांवर मालकांच्याच जागा वाढल्या. त्यात मूळ मसुद्यात गुलाम हा शब्द कुठेच नाही, 'इतर व्यक्ती' लिहिलंय. लाज वाटत असणार. गुलामी मोडायला यादवी युद्ध आणि १८६५ ची १३वी दुरुस्ती लागली. जोतीरावांनी १८७३ ला 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली ती यासाठीच, फिलाडेल्फियातल्या सह्यांसाठी नाही. हे सांगा तुमच्या मित्राला.

चाळकरी_गिरगाव: सांगतो, पण तो आज विरारच्या डब्यात चढलाय, अंधेरीला उतरायला मिळालं तर 😅