मदत हवी आहे: मुलांच्या मित्रमैत्रिणींना वाढदिवसाला परवडेल असं काय द्यावं?

माझी मुलगी पाच वर्षांची आहे, मुलगा नुकताच तीनचा झालाय, आणि सध्या दोघांच्या मिळून इतक्या मित्रमैत्रिणींचे वाढदिवस येतायत की जवळजवळ दर आठवड्याला कुठेतरी बोलावणं असतंच. प्रत्येकाला महागाचं गिफ्ट द्यायचं म्हटलं तर महिन्याचं गणित बसत नाही, आणि स्वस्तात म्हणून जी गाणारी, लाइट लागणारी प्लास्टिकची खेळणी मिळतात ती मला मनापासून द्यावीशी वाटत नाहीत, दोन दिवसांत चाक निघतं नाहीतर आवाज बसतो आणि मग ते धूड घरात नुसतं पडून राहतं. बजेट थोडंच आहे पण मुलाने ते खरंच वापरावं असं फार वाटतं.

आत्तापर्यंत मला सगळ्यात पटलेली गोष्ट म्हणजे वापरून संपणाऱ्या वस्तू. जाडे खडू, कोऱ्या कागदांची मोठी वही, स्टिकर, गोल टोकाची कात्री, ग्लू स्टिक, रंगीत क्ले वगैरे. दुसऱ्या कुणी तेच दिलं तरी वाया जात नाही, पहिलं संपलं की दुसरं निघतं. तीन वर्षांच्या मुलांना बारीक क्रेयॉन धरता येत नाहीत, दाबून लगेच मोडतात, त्यामुळे त्यांच्यासाठी जाडेच घेते. मोठा सेट घेऊन दोन-तीन गिफ्ट करायची आयडिया पण बरी पडते. पुस्तकांचंही तसंच, संच घेतला आणि सुटी सुटी दिली तर बरंच स्वस्त पडतं, फक्त लहानांना पुठ्ठ्याच्या पानांचीच द्यावी लागतात, साध्या पानांच्या चिंध्या होतात.

पझल द्यायचं तर तुकडे किती असावेत? माझ्या अंदाजाने तीन वर्षांच्या मुलाला १२ ते २४ आणि पाच वर्षांच्याला ५०च्या आसपास जमतात, पण ज्यांना सवयच नाही त्यांना हे जास्त होईल का? आणि भिंग कुणी दिलंय का? माझी मुलगी मुंगीच्या पायांवरचे केस बघत पोटावर पडून राहते, उठतच नाही. फक्त भिंग उन्हात उघडं ठेवलं तर कागद पेटू शकतो, तेव्हा देताना आईवडिलांना तेवढं सांगायला हवं.

आता मला खरी काळजी वाटते ती वेगळीच. आपण गिफ्ट पाच वर्षांच्या मुलाला देतो पण त्या घरात रांगणारं भावंडं असू शकतं ना. डब्यावर तीन वर्षांखालील मुलांसाठी नाही असं लिहिलेलं असतं ते मोठ्याच्या दृष्टीने ठीक आहे, पण धाकट्याच्या तोंडात काय जाईल ते कोण बघणार? टॉयलेट पेपर संपल्यावर जी पुठ्ठ्याची नळी उरते, तिच्यातून जी वस्तू आरपार जाते ती तीनच्या खालच्या मुलाच्या हाती लागू द्यायची नाही, हा सोपा नियम मी पाळते. बटणासारख्या चपट्या बॅटरीची खेळणी तर मी घेतच नाही, गिळली तर दोन तासांतसुद्धा अन्ननलिका भाजू शकते, अगदीच घ्यायचं झालं तर बॅटरीचं झाकण स्क्रूने बंद होणारंच हवं. छोटे ताकदवान मॅग्नेटही नकोत, दोन गिळले गेले तर आतड्याच्या भिंती मध्ये धरून एकमेकांना चिकटतात. पाण्यात फुगणारे रंगीत मणी दिसायला गोड असतात पण पोटात जाऊन तिथेही फुगतात, ते पूर्ण बाद. एवढं सगळं वगळून परवडेल असं काय उरतं हेच मला कळत नाही.

अजून काही शंका आहेत. आईवडिलांना आधी विचारावं का की त्याच्याकडे काय आहे आणि काय नको? मला विचारायला आवडेल पण समोरच्याला अवघडल्यासारखं वाटेल का? आणि तीन-चार घरांनी मिळून एकच चांगली टिकाऊ वस्तू दिली, म्हणजे सायकलचं हेल्मेट किंवा लाकडी ठोकळ्यांचा मोठा सेट, तर मुलांना ते आवडतं का, की प्रत्येकाला आपापलं पाकीट हातात द्यायचंच असतं? माझी मुलगी तरी स्वतः दिल्याशिवाय गप्प बसत नाही, तिने काढलेलं कार्ड वर चिकटवलं तर चालेल असं म्हणतेय. वर्गणी कशी मागता, पैसे कमीजास्त झाले तर काय करता, तेही सांगा.

ज्यांची मुलं आता मोठी झालीत त्यांनी जरूर लिहा, तीन ते सहा या वयात मिळालेलं कुठलं साधं, स्वस्त गिफ्ट तुमच्याकडे वर्षभर तरी वापरात राहिलं? मुलाचं वय सांगितलंत तर फार मदत होईल. या शनिवारी चार वर्षांच्या मुलाकडे जायचंय आणि त्याची बहीण जेमतेम वर्षाची आहे, तेव्हा त्याच्यासाठी काही सुचत असेल तर ते आधी सांगा प्लीज.