अनुभव धागा : उभारी देणाऱ्या कादंबऱ्या, घरसंसाराची पुस्तकं आणि कामी आलेलं एखादं पान

आई अंथरुणाला खिळली तेव्हा घरात पुस्तकांचा ओघ सुरू झाला. भेटायला येणारा प्रत्येक जण काहीतरी 'प्रेरणादायी' हातात ठेवून जायचा. सगळ्यांचा हेतू चांगलाच होता. पण रात्री दोन वाजता आईची कूस वळवून, चादर बदलून बसलं की 'संकट हीच संधी' असलं वाक्य वाचवत नसे. मला संधी नको होती. उद्या सकाळी हेच सगळं पुन्हा कसं करायचं, तेवढं कुणीतरी सांगायला हवं होतं.

त्याच ढिगात लॉरा इंगल्स वाइल्डर यांचं 'लिटल हाउस इन द बिग वुड्स' निघालं. 1932 साली हे पुस्तक आलं तेव्हा लॉरा 65 वर्षांच्या होत्या. जंगलातल्या लाकडी घरातलं एका कुटुंबाचं वर्ष, एवढीच गोष्ट. त्यातल्या आईचा आठवडा ठरलेला असतो : सोमवारी धुणं, मंगळवारी इस्त्री, बुधवारी शिवणटिपण, गुरुवारी लोणी काढणं, शुक्रवारी साफसफाई, शनिवारी भाजणं, रविवारी विसावा. हिवाळ्यात लोणी पांढरं पडतं, आणि तिला ते पिवळं हवं असतं. मग बाबांनी खिळ्याने भोकं पाडून दिलेल्या पत्र्याच्या भांड्यावर ती गाजर किसते, कीस गरम दुधात टाकते, फडक्यातून पिळून ते केशरी दूध घुसळणीत ओतते. लोणी त्याने जास्त होत नाही. नुसतं छान दिसतं.

हे पान मी आईला वाचून दाखवलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "माझ्या उशीचा तो निळा अभ्रा कुठे गेला?" दुसऱ्या दिवशी अभ्रा शोधला, धुतला, घातला. त्यानंतर आम्हीही वार ठरवून घेतले. बुधवार केस धुण्याचा, शनिवार खिडकीशी खुर्ची लावण्याचा. आजार तसाच राहिला, पण दिवस एकमेकांपासून वेगळे झाले.

बऱ्याच दिवसांनी कळलं की लॉराला फ्रेडी नावाचा धाकटा भाऊ होता. तो 1876 मध्ये नऊ महिन्यांचा असताना गेला. त्यांच्या या कादंबऱ्यांत तो कुठेच नाही. हे कळल्यापासून ते लोण्याचं पान मला आणखी जवळचं वाटतं.

तर धागा यासाठी. कुठल्या पुस्तकाने प्रेरणा दिली, एवढंच नका लिहू. कुठलं पान, तेव्हा तुम्ही कुठे होतात आणि पुढे काय केलंत, ते लिहा. पटलं नसेल तर तेही लिहा.

•••

माझं उत्तर लहान आहे. चौदाव्या वर्षी शांता शेळके यांचं 'चौघीजणी' वाचलं. लुइसा मे अल्कॉटची मूळ कादंबरी 1868-69 मध्ये दोन भागांत आली होती, हे कितीतरी नंतर कळलं. आजारी वडिलांकडे जाणाऱ्या आईला पैसे हवेत म्हणून ज्यो केस कापून विकते. दिवसभर सगळ्यांसमोर ती ताठ असते. रात्री अंधारात रडते, आणि बहीण विचारते तेव्हा कबूल करते की केसांसाठी रडतेय.

मी धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी माझा अभ्यासक्रम सोडला. राजीखुशीने सोडला. तरी सहा महिने रोज रात्री रडू यायचं आणि स्वतःचीच लाज वाटायची, की एवढंच मन होतं तर सोडलं कशाला. ज्योचं ते पान आठवल्यावर लाज गेली. मनापासून दिलेल्या गोष्टीसाठीही माणूस रडू शकतो.

•••

'श्यामची आई' शाळेत वाचली तेव्हा रडलो होतो. पण कामी आली ती पंचविशी उलटून गेल्यावर, बाप झाल्यावर. साने गुरुजींनी हे पुस्तक 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहायला घेतलं आणि काही दिवसांतच त्यातला बराचसा भाग झाला. पुस्तकात एकूण 42 रात्री, म्हणजे प्रकरणं. माझी रात्र अळणी भाजीची.

आई भाजीत मीठ घालायला विसरते. वडील काही न बोलता जेवतात, मुलंही जेवतात. आई शेवटी जेवायला बसते तेव्हा तिला कळतं, आणि आपल्या हातून अळणी वाढलं गेलं याचं तिला वाईट वाटतं. बस, एवढंच. लहानपणी वाटायचं, यात गोष्ट कुठे आहे?

माझा स्वभाव चूक दाखवून देण्याचा. कामाच्या ठिकाणी त्याचे पैसे मिळतात म्हणून घरीही तोच. दाराची कडी नीट लागली नाही, दिवा चालू राहिला, पिशवी चुकीच्या जागी ठेवली. एकदा मुलीला हे पान वाचून दाखवत होतो. तिने विचारलं, "बाबा, ते का नाही बोलले?" मला उत्तर देता येईना. तिनेच दिलं, "आईला आधीच वाईट वाटणार होतं ना."

मी सुधारलो असं म्हणणार नाही. पण बोलण्याआधी एक क्षण थांबतो आता. दिवा मीच बंद करतो.

•••

वरचा अनुभव वाचून गहिवरून आलं, तरी एक गोष्ट लिहिल्यावाचून राहवत नाही. त्या प्रसंगात आई शेवटी जेवते म्हणून तिला शेवटी कळतं. ती सगळ्यांबरोबर बसली असती तर पहिल्याच घासाला मीठ मागितलं असतं आणि विषय संपला असता. घरसंसाराची पुस्तकं वाचताना मी नेहमी बघते की घरातली बाई कधी जेवते, कधी बसते, तिला आजारी पडायची मुभा आहे का. सोसणं सुंदर करून सांगितलं की सोसणारीचं सोसणं लांबतं. लग्नानंतरची पहिली सात वर्षं मी असल्याच कादंबऱ्यांवर काढली. शेवटच्या प्रकरणात सासरच्यांचे डोळे उघडतात, त्या शेवटच्या प्रकरणाची मी वाट बघत होते.

मला हात दिला तो लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'ने. पहिला भाग 1934 चा. यात वडिलांचं टोकाचं सोवळं आहे, घरातले पैसे कुणाला तरी देऊन मोकळा होणारा कवी नवरा आहे, आणि 1895 मध्ये त्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर मधोमध फाटलेला संसार आहे. लक्ष्मीबाई यातलं काही झाकत नाहीत. रागावल्या तर रागावल्या असं लिहितात, भांडल्या तर भांडल्या असं. पुढे त्या नवऱ्याकडे परत जातात, पण हळूहळू, स्वतःच्या मनाला पटेल तशा. जातीपातीचा विटाळ त्यांच्या मनातून गेला तो स्वतः विचार करून. कुणी उपदेश केला म्हणून नाही. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईने हे लिहिलंय!

ते वाचून मी घरात पहिल्यांदा म्हटलं, "आज माझं डोकं दुखतंय, मी झोपते." कुणी काही म्हटलं नाही. इतकी वर्षं मी विचारलंच नव्हतं.

•••

मी कुबड्या वापरते, वयाच्या सहाव्या वर्षापासून. म्हणून एलिनॉर पोर्टरच्या 'पॉलियाना'बद्दल मला जरा सविस्तर लिहायचंय.

हे 1913 चं पुस्तक. पॉलियानाचा 'आनंदाचा खेळ' पुष्कळांना माहीत असतो, पण तो सुरू कसा झाला ते लोक विसरतात. मिशनऱ्यांसाठी दान म्हणून आलेल्या सामानाच्या पिंपात तिला बाहुली हवी असते. निघतात कुबड्या. वडील म्हणतात, आनंद याचा मान की तुला त्यांची गरज नाही.

शाळेत बाईंनी ही गोष्ट वर्गात सांगितली. सगळा वर्ग खूश झाला. मी कुबड्या बाकाखाली सरकवल्या. इतर मुलांनी ज्यासाठी आभार मानायचे होते, ते मी होते. बाईंच्या मनात काही नव्हतं हे मला तेव्हाही कळत होतं. त्यामुळे रागवायलासुद्धा कुणी नव्हतं.

पूर्ण पुस्तक वाचलं ते तिशीत, तेही जवळजवळ भांडायच्या तयारीने. आणि गोष्टीत बरंच पुढे गेल्यावर थबकले. पॉलियानाला मोटारीची धडक बसते, पाय चालत नाहीत. तिला खेळ खेळता येत नाही. दुसऱ्यांना हा खेळ शिकवणं सोपं होतं, आपल्यावर वेळ आल्यावर तसं राहत नाही, हे तिच्या लक्षात येतं. मग गावातली माणसं एकेक करून तिच्या मावशीकडे येतात आणि पोरीला निरोप ठेवतात : तिच्यामुळे आमच्या घरात काय बदललं ते तिला सांगा. कुणी तिला 'आनंदी राहा' म्हणत नाही. प्रत्येक जण स्वतःच्या घरातली एक खरी गोष्ट सांगून जातो.

ते वाचताना मी पुस्तक मांडीवर पालथं ठेवलं आणि कितीतरी वेळ भिंतीला टेकवलेल्या माझ्या कुबड्यांकडे बघत बसले. मला आयुष्यभर धीर देणारे चिक्कार भेटले. माझ्यामुळे त्यांच्या घरात काही झालं, हे सांगायला आलेले दोनच. ते दोघे मला नावानिशी, तारखेनिशी आठवतात.

शेवटी ती पुन्हा चालायला लागते. लेखिकेने असं करायला नको होतं असं मला आजही वाटतं. मानसशास्त्रात चांगलंच लक्षात ठेवण्याच्या माणसाच्या कलाला 1978 पासून पॉलियानाचं नाव आहे. मात्र तिचा खेळ जिथे मोडतो, ते प्रकरण कुणी सांगत नाही. कुणाला हे पुस्तक भेट देणार असाल तर तिथे खूण घालून द्या.

•••

मी कथा फारशा वाचत नाही, घर आवरण्याची पुस्तकं वाचते. जुळी मुलं झाल्यावर तर अधाशासारखी वाचली. पुस्तकातलं कपाट आणि माझं कपाट यांत जितकं अंतर, तितकी मी वाईट आई, असं माझं गणित होतं.

दोन गोष्टींनी ते सुटलं. इझाबेला बीटन यांचा गृहव्यवस्थापनाचा हजारावर पानांचा ग्रंथ 1861 मध्ये निघाला, तेव्हा त्या 25 वर्षांच्या होत्या. घराची मालकीण म्हणजे सैन्याची सेनापती, अशा थाटात त्याची सुरुवात आहे. वाटतं, लिहिणारी कुणी पन्नाशीची मुरलेली बाई असेल. प्रत्यक्षात त्यांची पहिली दोन्ही मुलं लहानपणीच दगावली आणि 1865 मध्ये, चौथ्या बाळंतपणानंतर, 28 व्या वर्षी त्या स्वतः गेल्या. दुसरी गोष्ट मारी कोंडो यांची, घर आवरण्याच्या पुस्तकांसाठी गाजलेल्या जपानी लेखिकेची. तिसऱ्या मुलानंतर आवराआवर जवळजवळ सोडून दिली, असं त्यांनीच 2023 मध्ये सांगितलं.

शिस्तीचं पुस्तक शिस्तीच्या घरातून येतं ही माझी समजूत होती. आता मी ती पुस्तकं पाककृतीसारखी वाचते, आज जमेल तेवढंच घेते. कपड्यांच्या उभ्या घड्या मात्र खरंच उपयोगी आहेत. मुलांना आपला सदरा स्वतः काढता येतो.

•••

मी वाचनालयात देवघेवीच्या टेबलावर बसतो. उभारी देणाऱ्या कादंबऱ्या परत आल्या की पानं चाळून बघायची सवय आहे. मोठमोठ्या वाक्यांखाली पेन्सिलीच्या रेघा असतात, त्या खोडतो. पण दुमडलेले कोपरे, हाताळून मऊ झालेली पानं, ओल्या बोटांचे डाग सहसा त्या वाक्यांपाशी नसतात.

गेल्या महिन्यात एका पुस्तकात चिठ्ठी सापडली. अक्षर थरथरतं. 'औषध 9 ला. बल्ब. दूधवाल्याला सांगणे. पान 143 पुन्हा.' मी पान 143 उघडलं. त्यात काहीच घडत नव्हतं. नवरा गेलेली एक बाई संध्याकाळी त्याच्या स्वेटरची विसविशीत झालेली बाही उसवते आणि त्याच लोकरीने परत विणायला घेते. पानाचा खालचा कोपरा बोट लागून लागून तपकिरी झाला होता.

चिठ्ठी मी तिथेच ठेवली आहे. त्या आजी पुस्तक परत न्यायला येतील.