बर्लेस्कमधला व्हिंटेज साज: काहींचा खरा वाटतो, काहींचा भाड्याने आणल्यासारखा. का?

रुपेरीकडा
१९९०च्या दशकात न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिसमध्ये बर्लेस्क, म्हणजे संगीतावर एकेक कपडा उतरवत जाणारं रंगमंचावरचं नृत्य, पुन्हा उभं राहिलं, तेव्हापासून जुन्या हॉलिवूडचा साज हीच त्याची ओळख झाली आहे. लाल ओठ, लाटांचे केस, मागे शिवण असलेले मोजे, शहामृगाच्या पिसांचे पंखे. पण हाच साज एकीला शोभतो आणि दुसरीच्या अंगावर उसना दिसतो. फरक नेमका कुठे पडतो? जाणकारांनी अगदी बारीकसारीक तपशील सांगावा. शिवाय आजची गाजलेली बर्लेस्क कलाकार डिटा व्हॉन टीझ हिच्याबद्दलचं मतही द्या. ती जुन्याची नक्कल करते असं तुम्हाला वाटतं का?

वेणीफणी
सगळ्यात मोठी चूक म्हणजे दशकांची खिचडी. १९३०च्या भुवया दोऱ्यासारख्या बारीक, ४०च्या भरीव, ५०च्या जाड आणि कमानदार. लायनरचं वर गेलेलं टोकही ५०चंच. बारीक भुवयांखाली ते टोक आलं की बघणाऱ्याला खटकतं, मग कारण सांगता येवो न येवो. एक दशक पक्कं करा आणि बाकी सगळं त्याच्याशी जुळवून घ्या.

केसांत व्हिक्टरी रोल्सचा (कपाळावर दोन्ही बाजूंना गुंडाळून बसवलेल्या ४०च्या वळ्यांचा) अतिरेक होतो. फोटोत ते छान दिसतात, पण मागच्या रांगेतून डोक्यावर दोन गोळे ठेवल्यासारखे वाटतात. रंगमंचावर लाटाच हव्यात, कारण उजेड त्यांच्यावर खेळतो. केस ओलसर असावेत, निथळते नकोत. सेटिंग लोशन (केसांना दिलेला आकार धरून ठेवणारं) लावून साधारण अडीच सेंटिमीटरची बट घ्या, टोकाकडून मुळाकडे गुंडाळा आणि चपटी करून क्लिप लावा. एक ओळ घड्याळाच्या दिशेने, पुढची उलट. मुळं जरा जरी ओली राहिली तरी तासाभरात सगळं बसतं, त्यामुळे रात्रभर वाळू द्यावेत हे उत्तम. टोक दुमडलं गेलं तर ते गळासारखं वाकडं राहतं, त्यासाठी टोकांना पातळ कागद लावावा.

खरी परीक्षा क्लिपा काढल्यावर. ब्रश फिरवला की आधी केसांचा ढग होतो. इथेच घाबरून लोक थांबतात आणि वर स्प्रे मारतात. थांबू नका. खाली तळहात धरून ब्रश करत राहा, काही मिनिटांत लाटा आपोआप एकमेकींत बसायला लागतात. स्प्रे त्यानंतर. हॉट रोलर्स वापरत असाल तर ते पूर्ण गार झाल्याशिवाय काढू नका. उष्णतेने केसांतले हायड्रोजन बंध सुटतात आणि गार होताना नव्या आकारात जुळतात. गरम असताना काढलेली बट लोंबत लोंबतच गार होते, मग आकार कुठून राहणार?

टीपशिवण
वेणीफणी ताईंच्या दशकांच्या मुद्द्याला +१. आता कपड्यांकडे येते.

बर्लेस्कचा कपडा शिवताना पहिला प्रश्न असतो तो कसा सुटणार. जुन्या काळची बर्लेस्क कलाकार जिप्सी रोज ली कपडे टाचण्यांवर अडकवायची आणि एकेक टाचणी काढणं हाच तिचा खेळ होता. आज चेन असली तर तिच्या दोन्ही बाजूंना किमान एक सेंटिमीटर जागा मण्यांशिवाय मोकळी ठेवा. दातांत एक मणी अडकला की चेन तिथेच संपते. वेल्क्रो नकोच, त्याचा आवाज संथ वाद्यसंगीतावर चरचरतो.

कॉर्सेट, म्हणजे कंबर आवळणारी नाडीची चोळी, पोलादी कांड्यांचाच घ्या. प्लास्टिकच्या कांड्या अंगाच्या उबेने वाकतात आणि वाकलेल्याच राहतात. माप कमरेपेक्षा सुमारे १० सेंटिमीटर कमी. नवा असेल तर दोनेक आठवडे रोज एक-दोन तास सैलसर बांधून अंगवळणी पाडायचा. मागची फट वरपासून खालपर्यंत समांतर दिसली पाहिजे. ती व्ही आकाराची झाली तर कापणीच तुमच्या अंगाची नाही, नाडी ओढून ते सुधारत नाही. आणि पुढचे हूक कधीही नुसते ओढू नका. आधी दोन्ही कडा एकमेकींकडे दाबा, ताण गेला की हूक अलगद सुटतो. ही हालचाल आरशासमोर इतकी घोटायला हवी की प्रेक्षकांना तो दाब दिसताच कामा नये.

मोज्यांत खरे फुली फॅशन्ड आणि नुसती शिवण छापलेले यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. खरे सपाट विणून, पायाच्या आकाराप्रमाणे टाके कमी करून मागे शिवलेले असतात. त्यांत इलॅस्टेन (ताणणारा धागा) नसतो, म्हणून पावलाचं आणि पायाच्या लांबीचं, दोन्ही मापं लागतात. लांबी चुकली तर गुडघ्यामागे चुण्या पडतात. मोजे अडकवायच्या कमरेच्या बेल्टला निदान सहा पट्ट्या आणि धातूच्या क्लिपा असाव्यात. चार पट्ट्यांवर ओढ एकाच बाजूला जाते आणि शिवण पिळते. शिवण टाचेपासून वर सरळ करत न्यायची, आणि मागच्या क्लिपा बसून लावायच्या. उभ्याने ताणून लावलेल्या क्लिपा वाकताना निसटतात.

नवख्यांचा हमखास घोटाळा: अंतर्वस्त्र पट्ट्यांच्या आत घालणं. ते पट्ट्यांवरून घालायचं असतं, नाहीतर भर रंगमंचावर सगळे मोजे सोडत बसावं लागतं.

उजेडवाट
साज आरशात पारखतात आणि दिसतो दिव्यांखाली, म्हणून बरेचदा फसतो. लाल दिव्यात लाल ओठ फिके पडून चेहऱ्यात मिसळून जातात, हिरव्यात काळे दिसतात. प्रकाशयोजना करणाऱ्याला आधीच सांगा की चेहऱ्यावर उबदार पांढरा किंवा फिकट गुलाबी उजेड हवा. लिपस्टिक निळसर झाक असलेली लाल घ्या, दात पांढरे दिसतात. आधी पेन्सिलने पूर्ण ओठ भरा, मग पहिला थर, टिश्यूने टिपा, टिश्यूवरूनच पावडर, मग दुसरा थर. एवढं केलं की हातमोज्याचं टोक दातांत धरून ओढलं तरी डाग कमी पडतो.

कपड्यावरच्या चमकत्या खड्यांबद्दल: एकाच आकाराचे लावले की जाळी दिसते. खड्यांच्या मापांपैकी एसएस१६ (साधारण ४ मिमी), एसएस२० (४.७) आणि एसएस३० (६.४) मिसळा. ताणणारं कापड असेल तर ते पुतळ्यावर ताणूनच खडे चिकटवा. टेबलावर पसरून लावलेले खडे कपडा अंगात घालताना टपटप पडतात. गोंदाचा थेंब खड्यापेक्षा किंचित लहान, दाबल्यावर कडेने बारीक वर येईल इतकाच. जास्त झाला तर पैलूंवर चढून चमक घालवतो. किमान २४ तास हात लावू नका, आणि खिडक्या उघड्या ठेवा, त्या गोंदाचा वास डोक्यात जातो.

रुपेरीकडा
अंतर्वस्त्राचा क्रम डोक्यातही आला नव्हता, धन्यवाद! पंखे राहिले. आणि डिटा?

पीसपंखा
१९३३च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात सॅली रँडने पंख्यांचं नृत्य गाजवलं, त्याचा नियम आजही तोच आहे: एक पंखा हलण्याआधी दुसरा जागेवर पोचलेला असला पाहिजे. मनगटाने वाऱ्यासारखं फडफडवलं तर पिसांचं वजन कळतच नाही. हालचाल खांद्यातून आणि संथ, म्हणजे पिसांची टोकं अर्धा क्षण उशिरा मागून येतात. त्या उशिरातच सारी जादू आहे. चपटी झालेली पिसं लांबून वाफ देऊन झटकली की पुन्हा फुलतात. ओली झाली तर ड्रायरच्या गार वाऱ्यात हलवत वाळवा. पेटीत दाबून ठेवू नका, टांगा.

डिटाला मी नक्कल म्हणणार नाही. ४०च्या लाटा आणि इतका आवळलेला कॉर्सेट एकत्र नांदलेले, असं दशक झालंच नाही. ते मिश्रण तिचं स्वतःचं आहे. मूळचे सोनेरी केस काळे करून, केस-मेकअप स्वतःच्या हाताने करत तिने ते वर्षानुवर्षं तसंच राखलंय. वेणीफणी, तुमचा खिचडीचा नियम इथे मोडतो असं वाटेल, पण तिचा चेहरा बघा: भुवया, लायनर, ओठ सगळं एकमेकांशी घट्ट जुळलेलं असतं.

एक तक्रार मात्र आहे. व्हिंटेज म्हटलं की सगळे त्याच एका साच्याकडे धावतात. १९२५ला पॅरिस गाजवणाऱ्या नर्तकी जोसेफिन बेकरचे डोक्याला चापून बसवलेले केस हाही त्याच खजिन्यातला ऐवज आहे. आणि डर्टी मार्टिनी ही बर्लेस्क कलाकार २००४ला मिस एक्झॉटिक वर्ल्ड (बर्लेस्कच्या स्पर्धेतला किताब) झाली ती भरल्या अंगाने, नृत्याच्या पक्क्या तालमीवर. तिचे हातमोजे उतरताना पाहा. आधी पाचही बोटांची टोकं एकेक करून सैल करते, नजर प्रेक्षकांवर, आणि कोपरापर्यंत साटीन कुठेही अडत नाही.

टीपशिवण
अडत नाही, कारण साटीन न ताणणारं असेल तर आत कोपरापाशी थोडी टाल्कम पावडर लागते. नाहीतर घामाने हातमोजा तिथेच चिकटतो.

वेणीफणी
पीसपंखा, चेहऱ्याचं पटलं. नियम चेहऱ्यापुरता ठेवते, गळ्याखाली मिश्रण चालेल.